सातिवलीच्या गाळ्यातल्या नऊ बाटल्या

१

सोमवारी सकाळी साडेनऊला क्षितिजाने काचेच्या कपाटाचं कुलूप काढलं आणि ती जागच्या जागी थिजली.

कपाटात स्टीलच्या लांबट ट्रेमध्ये केळ्याच्या दुधाच्या नऊ बाटल्या एका रांगेत उभ्या होत्या. डावीकडे अ मशीनच्या तीन, मध्ये ब मशीनच्या तीन, उजवीकडे क मशीनच्या तीन. प्रत्येकीवर तिच्याच अक्षरातलं लेबल होतं. शनिवारी संध्याकाळी घरी निघताना तिने त्या नीट बघितल्या होत्या. क मशीनचं दूध तीन आठवड्यांनंतरही वरपासून तळापर्यंत एकजीव होतं. अ मशीनच्या दुधावर मात्र सायीचं बोटभर जाड कडं जमलं होतं. तसं तिने रजिस्टरात लिहिलंही होतं.

आता ते कडं क मशीनच्या तिन्ही बाटल्यांच्या गळ्याशी होतं. अ मशीनचं दूध वरपासून तळापर्यंत एकसंध दिसत होतं.

काचा लख्ख पुसलेल्या होत्या, लेबलं एका ओळीत सरळ होती, प्रत्येक गटातल्या पहिल्या बाटलीत दूध बाकीच्या दोन बाटल्यांपेक्षा जरा खाली होतं. हे सगळं तिच्या डोळ्यांना दिसत होतं, पण डोक्यापर्यंत पोचत नव्हतं. डोक्यात एकच गोष्ट घणघणत होती. आज संध्याकाळपर्यंत सेबेस्टियन सर मशीनची ऑर्डर देणार होते, आणि तिने लेखी शिफारस केली होती ती क मशीनची.

"काय झालं?" मागून सेबेस्टियनचा आवाज आला.

तो पुढे आला, वाकून बाटल्यांकडे बघत राहिला. मग त्याने टेबलावरचं रजिस्टर उघडून शनिवारची नोंद वाचली. पुन्हा बाटल्यांकडे बघितलं.

"क्षितिजा," तो हळू म्हणाला, "तू इथे लिहिलंयस ते खरं, की मला दिसतंय ते खरं?"

२

सेबेस्टियनची उमेळ्याला केळीची वाडी. चार वर्षांपूर्वी त्याने सातिवलीला हा गाळा घेतला आणि वाडीतल्या केळ्यांचं दूध बाटलीत भरून विकायला सुरुवात केली. चव लोकांना आवडली, पण बाटली दुकानात आठवडाभर राहिली की वर साय, खाली पाणी. दुकानदार माल परत पाठवायला लागले. त्यावर इलाज एकच होता, होमोजिनायझर. दुधाला प्रचंड दाबाने केसाएवढ्या फटीतून ढकलायचं, म्हणजे स्निग्धांशाचे कण इतके बारीक होतात की ते परत वर येत नाहीत. चांगलं मशीन घ्यायचं म्हणून सेबेस्टियनने वाडीचा अर्धा तुकडा बिल्डरला दिला होता. मशीन चुकलं तर उरलेला अर्धाही राहिला नसता, हे गाळ्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

तीन कंपन्यांनी एकाच आठवड्यात आपापली छोटी मशीनं चाचणीसाठी पाठवली. सोमवारी अ, बुधवारी ब, शुक्रवारी क. फूड टेक्नॉलॉजी शिकलेल्या क्षितिजाने तिन्हींवर दूध काढलं, प्रत्येकाच्या तीन बाटल्या भरल्या, तापवून सीलबंद केल्या आणि कपाटात ठेवल्या. दर शनिवारी त्या बघून नोंद करायची. तीन आठवडे झाले की निकाल.

"काका, मी बोलू?" जोएलने विचारलं. जोएल हा सेबेस्टियनचा पुतण्या, विक्री सांभाळायचा. त्याने मोबाइलवरचा एक फोटो पुढे केला. "हा कौस्तुभ बघा. क मशीनच्या कंपनीत, सर्व्हिस डिपार्टमेंट. दोन महिन्यांपूर्वी लागलाय. आडनाव वाचा."

सेबेस्टियनने वाचलं. मग क्षितिजाकडे बघितलं.

"माझा भाऊ आहे," क्षितिजा म्हणाली. "सर, मी सांगायला हवं होतं. पण चाचणीशी त्याचा काही संबंध नाही. मी त्याच्याशी यावर एक शब्दही बोलले नाहीये."

"मग सांगितलं का नाहीस?"

उत्तर होतं, पण ते बावळटासारखं होतं. तिला वाटलं होतं की सांगितलं तर तिचं मत कोणी ऐकणारच नाही, आणि मत तर खरंच क मशीनच्या बाजूचं होतं.

"कपाटाच्या किल्ल्या दोनच," जोएल म्हणाला. "एक हिच्याकडे, एक ऑफिसात खिळ्याला. बाटल्यांना हात लागला असेल तर आपल्यापैकीच कोणाचा तरी. नाहीतर हात लागलाच नाही आणि रजिस्टर खोटं आहे."

सेबेस्टियनने खुर्ची ओढली आणि तो मटकन बसला. "मनोरमाताई अकराला येतायत," तो म्हणाला. "शेवटचं मत द्यायला मीच बोलावलंय त्यांना. आता त्यांनाच सांगतो, आधी हे बघा. तोवर कोनी कपाटाला हात लावायचा नाय."

रागावला किंवा दुखावला की त्याच्या तोंडी गावची बोली यायची. आज तो दुखावलेला होता, आणि क्षितिजाला तेच जास्त लागलं.

३

मनोरमाताईंनी एका मोठ्या डेअरीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली होती. आता निवृत्त होऊन विरारला राहत होत्या. रिक्षातून उतरल्या, बिनसाखरेचा चहा मागितला आणि सगळं ऐकून घेईपर्यंत एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आधी मला सांग, क मशीनच का?"

क्षितिजाला वाटलं होतं, पहिला प्रश्न भावाबद्दल येईल.

"दोन कारणांनी," ती म्हणाली. "अ मशीनचा दाब सगळ्यात जास्त, पण त्यात एकच व्हॉल्व्ह आहे. कण फुटतात आणि बाहेर पडल्यावर परत एकमेकांना चिकटून घोस होतात. क मध्ये दाब कमी असला तरी दुसरा व्हॉल्व्ह ते घोस सोडवतो. शिवाय अ चालताना दाबाचा काटा थरथरत होता. क चा काटा दोन तास जागचा हलला नाही."

"आणि भाऊ?"

"भाऊ तिथे आहे हे खरंय."

"बरं." ताईंनी चहाचा घोट घेतला. "शनिवारी इथे कोण कोण होतं?"

शनिवारी जोएल होता, दुपारी माल भरायला. आणि जितेश होता, अ मशीनच्या कंपनीचा माणूस, आपला राहिलेला पाइप न्यायला आलेला. आज ऑर्डरचा दिवस म्हणून तो सकाळपासूनच बाहेर गाडीत बसून होता. ताईंनी त्याला आत बोलावलं.

जितेशने कपाटाकडे बघितलं मात्र, त्याचा चेहरा फुलला. "मॅडम, मी बोललो होतो ना! साडेतीनशे बार प्रेशर. रिझल्ट समोर आहे."

"शनिवारी या बाटल्या बघितल्या होत्या तुम्ही?"

"नाही, नाही. मी फक्त पाइप उचलला. पाच मिनिटं."

"पंचवीस," क्षितिजा म्हणाली. "मी बाटल्या तापवायच्या ऑटोक्लेव्हपाशी होते. तुम्ही इथेच फोनवर बोलत होता."

जितेशचा चेहरा उतरला. "फोन लांबला. पण कपाटाला लॉक होतं मॅडम, आईशप्पथ."

"जोएल, तुम्हाला कोणतं मशीन हवंय?" ताईंनी अचानक विचारलं.

"अ," जोएल म्हणाला. "लपवायचं काय त्यात? जास्त दाब, लहान जागा. पण मी बाटल्यांशी खेळ करणारा माणूस नाही."

"शनिवारी गाळा बंद कोणी केला?"

"मी," जोएल म्हणाला. " क्षितिजा साडेसहाला गेली. मी सातला."

म्हणजे अर्धा तास तो एकटा होता, आणि दुसरी किल्ली खिळ्याला. सेबेस्टियनने पुतण्याकडे बघितलं आणि नजर वळवली.

ताई उठून रजिस्टर चाळायला लागल्या. पहिल्या पानावर त्यांचं बोट थांबलं. "ही केळ्यांची नोंद तूच केलीस?"

"हो. उमेळ्याहून एकाच दिवशी तीन लोंगरं, अख्खे घडच, उतरवून आणली होती. पण चाचण्या आठवडाभर चालल्या, तोवर केळी पिकत गेली. म्हणून रोज कशी होती ते लिहून ठेवलं."

सोमवार, अ : हिरवट पिवळी, कडक. बुधवार, ब : पिवळी. शुक्रवार, क : ठिपके पडलेली, मऊ.

मनोरमाताईंनी रजिस्टर मिटलं. त्यांच्या चेहऱ्यावर आल्यापासून पहिल्यांदा हसू उमटलं.

"तुमच्याकडे आयोडीन असेलच," त्या म्हणाल्या. "आणि तीन वाट्या द्या. इथे खोटं कोण बोलतंय ते आपण केळ्यालाच विचारू."

४

दुधात पीठ मिसळलंय का हे बघायला दुधाच्या कारखान्यात आयोडीनची बाटली असतेच. थेंब टाकला आणि दूध निळं झालं की समजायचं पीठ आहे.

"कच्च्या केळ्यात पीठच असतं," ताई वाट्या मांडत म्हणाल्या. "पिकलं की त्याची साखर होते. म्हणजे सोमवारचं दूध निळंशार व्हायला हवं आणि शुक्रवारचं जवळजवळ नाही. लेबलाला फसवता येईल, केळ्याला नाही."

त्यांनी अ, ब आणि क लेबलाची एकेक बाटली फोडली, तिन्ही वाट्यांत थोडं दूध ओतलं. सगळे टेबलाभोवती उभे राहिले. क्षितिजाने हात पाठीमागे घट्ट धरले होते.

पहिला थेंब अ च्या वाटीत. दूध नुसतं पिवळसर तपकिरी झालं.

दुसरा ब च्या वाटीत. फिकट निळसर झाक.

तिसरा क च्या वाटीत. थेंब पडला तिथून शाईसारखा गडद निळा रंग पसरत गेला.

सेबेस्टियन वाटीवर वाकला आणि म्हणाला, "म्हणजे क लिहिलेल्या बाटलीत सोमवारचं दूध आहे. अ मशीनचं."

"आणि अ लिहिलेल्या बाटलीत शुक्रवारचं. क मशीनचं," ताई म्हणाल्या. "रजिस्टर खरं आहे. शनिवारी हिने जे बघितलं तेच लिहिलं. त्यानंतर लेबलं बदलली गेली."

क्षितिजाला वाटलं, पायांखाली कोणीतरी जमीन परत आणून ठेवली. ती स्टुलावर बसली. डोळे भरून आले ते तिने पुसलेही नाहीत.

"अजून एक," ताई म्हणाल्या. "सोमवारच्या दुधात पीठ जास्त, म्हणजे ते मुळातच दाट. दाट दुधातून साय लवकर वर येत नाही. एवढा आधार असूनही अ मशीनच्या दुधावर साय आली. क ला तो आधार नव्हता, तरी टिकलं. मशीनचा निकाल लागला."

पण सेबेस्टियनचं लक्ष मशीनकडे नव्हतं. तो जोएलपुढे जाऊन उभा राहिला होता. "अर्धा तास तू एकटा होतास. तुला अ पायजे होतं. सांग मला, मी तुझा बाप गेल्यापासून..."

"काका!" जोएल ओरडला. "मी नाही केलं! जितेशला विचारा. पंचवीस मिनिटं तो इथे होता!"

"ओ भाई, माझ्यावर कशाला?" जितेश मागे सरकला.

"थांबा," मनोरमाताई म्हणाल्या. त्या परत कपाटापाशी गेल्या होत्या आणि वाकून उरलेल्या सहा बाटल्यांकडे बघत होत्या. "कोणीही कोणाला काही बोलू नका. मला वाटतं, हे यांच्यापैकी कोणीच केलेलं नाही."

५

"क्षितिजा," ताईंनी विचारलं, "तू बाटल्या भरल्यास त्या दिवशीची नोंद मला वाचून दाखव. बाटली क्रमांक तीन."

क्षितिजाने पान उलटलं. "'तिसऱ्या बाटलीत दूध अर्धा बोट कमी. पुरेसं उरलं नाही.' तिन्ही दिवशी तसंच झालं. टाकीत शेवटी तेवढंच उरायचं."

"आता इथे बघ. मी प्रत्येक गटातली दोन नंबरची बाटली फोडलीय, एक आणि तीन अजून उभ्या आहेत. कमी दूध कोणत्या बाटलीत आहे?"

क्षितिजा पुढे झाली. सकाळी जे डोळ्यांना दिसलं होतं ते आता डोक्यात शिरलं. "एक नंबरच्या," ती म्हणाली. "तिन्ही गटांत. अरे... ब मध्येसुद्धा!"

"ब मध्येसुद्धा." ताई सरळ उभ्या राहिल्या. "आता विचार करा. ज्याला अ मशीन खपवायचं आहे, तो अ आणि क ची लेबलं बदलेल. पण ब एक आणि ब तीन कशाला बदलेल? त्यात कोणाचा काय फायदा? आणि तो घाईत असेल. ही लेबलं बघा, पट्टी धरून लावल्यासारखी सरळ आहेत. तुझी अशी असतात का?"

"माझी वाकडी असतात," क्षितिजाने कबूल केलं.

"नऊच्या नऊ लेबलं निघाली आणि नऊच्या नऊ उलट्या क्रमाने परत लागली. पहिल्याचं शेवटच्याला, शेवटच्याचं पहिल्याला. मधली ब दोन तेवढी जागेवर राहिली. असं केव्हा होतं? लेबलं काढून ओळीने मांडून ठेवली, आणि मधल्या वेळात ट्रे अर्धा फिरला, तर. ज्याने हे केलं त्याला बाटल्या बदलायच्या नव्हत्या. त्याला त्या फार जपून जशाच्या तशा ठेवायच्या होत्या." त्यांनी लखलखणाऱ्या काचेवरून बोट फिरवलं. "सेबेस्टियन, काल रविवारी इथे कोण आलं होतं?"

सेबेस्टियनने कपाळाला हात लावला. "देवा," तो म्हणाला. "फ्लोरा."

६

काल चर्चमधल्या मिस्सानंतर फादर गाळ्यावर आले होते. नव्या मशीनची जागा आशीर्वादित करायला सेबेस्टियननेच बोलावलं होतं. त्याची बायको फ्लोरा तासभर आधी येऊन झाडलोट करत होती. सेबेस्टियन फादरना आणायला गेला होता, त्यामुळे तिने काय काय आवरलं ते त्याने पाहिलंच नव्हतं. तिला या नऊ बाटल्यांबद्दल विचारायचं तर कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

फोन केल्यावर अर्ध्या तासात ती स्कूटरवरून आली. सगळ्यांचे चेहरे बघून दारातच थबकली.

"फ्लोराआंटी," क्षितिजाने पुढे होऊन विचारलं, "काल तुम्ही कपाट पुसलंत का?"

"पुसलं की, खिळ्याची किल्ली घेऊन. फादर येनार, काचेवर हे एवढे डाग." ती नवऱ्याकडे बघायला लागली. "दोन-तीन लेबलं दमटपनाने सुटून खाली पडलेली. बाकीची पन लोंबत होती. मी म्हटलं, पोरीची मेहनत आहे, उगाच घोळ नको. सगळी काढली, टेबलावर वळीने मांडली, एक पन इकडचं तिकडे होऊ दिलं नाय. ट्रे मोरीवर नेला, बाटल्या पुसल्या, ट्रे परत आनला आन् गोंद लावून एकेक चिकटवलं. काय झालं? फुटली का एखादी?"

"मोरीवरून आणताना ट्रे कसा ठेवलात?" ताईंनी विचारलं.

फ्लोराने हवेतच ट्रे धरल्यासारखे हात केले, मोरीकडून वळली, टेबलापाशी आली. हात खाली ठेवता ठेवता ती थांबली. मोरीकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं.

"उलटा," ती पुटपुटली. "बाय माझे. मी उलटा ठेवला."

तिने तोंडावर पदर घेतला. तिचं रडू फुटायच्या आत क्षितिजाने तिला मिठी मारली. "आंटी, काही नाही झालं. खरंच काही नाही झालं." आणि हे बोलताना तिला स्वतःलाच इतकं हसू यायला लागलं की ते आवरेना. आधी ताई हसल्या, मग जोएल, मग सेबेस्टियन डोळे पुसत हसायला लागला. सकाळपासून गाळ्यात साचलेलं काहीतरी मोकळं झालं.

जितेश एकटाच गंभीर होता. "मॅडम," तो अदबीने म्हणाला, "आमच्याकडे पण दोन व्हॉल्व्हचं मॉडेल आहे. ब्रोशर गाडीत आहे."

७

संध्याकाळी पाचला सेबेस्टियनने ऑर्डरचा कागद पुढे घेतला. क्षितिजा म्हणाली, "सर, क मशीनच घ्या, पण बोलणी जोएलने करावी. किंमत, अटी, सुटे भाग किती दिवसांत मिळतील, सगळं. मी त्यात नको. भावाचं आधीच सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

"चुकलं," सेबेस्टियन म्हणाला. "माझं पन चुकलं. तीन आठवड्यांच्या कामापेक्षा मी एका फोटोवर विश्वास ठेवला." मग त्याने जोएलकडे बघितलं. "आन् तुझ्यावर तर मी..."

"जाऊ द्या काका." जोएलने मान खाली घातली. तो क्षितिजाकडे वळला आणि म्हणाला, "तो मोबाइल मी सगळ्यांसमोर दाखवायला नको होता. आधी तुला विचारायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "विचारायला हवं होतंस." पण तिचा आवाज मऊ होता, आणि ते त्यालाही कळलं.

जाता जाता मनोरमाताईंनी तिला बाजूला घेतलं. "पुढच्या वेळी बाटलीच्या तळाला खूण कर, पुसली जाणार नाही अशी. आणि एका मशीनची चाचणी कच्च्या केळ्यावर, दुसऱ्याची पिकलेल्यावर, हे बरोबर नव्हतं. आज त्यानेच वाचवलंय म्हणून रागवत नाही."

क्षितिजाने मान डोलावली. अशी बोलणी खायला तिला आज फार बरं वाटत होतं.

रिक्षा गेल्यावर ती रस्त्यावर आली. समोरच्या गाळ्यांमधून पाळी सुटलेली माणसं बाहेर पडत होती. तिने कौस्तुभला फोन लावला आणि सकाळपासूनचं सगळं एका दमात सांगून टाकलं.

"ताई," त्याने विचारलं, "तू ठीक आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की हे खरं आहे. "भूक लागलीये रे. सकाळपासून काही खाल्लेलंच नाही मी."

कोपऱ्यावरच्या गाडीवर वडे तळले जात होते. फोन कानाशी तसाच ठेवून तिने दोन बोटं वर केली, दोन वडापाव सांगितले, आणि पहिला घास भाजेल एवढा गरम असतानाच तोंडात टाकला.